शेळीच्या पोटातल्या जंतांवर लस मिळत नाही, मग काय करावं?

पावसाळा तोंडावर आला की मुंबईत शेळ्या पाळणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: जंताची लस कुठे टोचून मिळेल? आरेतल्या पाड्यांवर चार-पाच शेळ्या असणाऱ्या बायका विचारतात, गोवंडीच्या गल्लीत ईदसाठी बोकड वाढवणारे विचारतात, गोराई-मनोरीकडचेही विचारतात. आपल्याकडच्या बाजारात अशी लस मिळत नाही. शेजाऱ्याने बकरीला ‘जंताचं इंजेक्शन’ दिलं असेल तर ते बहुतेक आयव्हरमेक्टिन असतं. ते औषध आहे. ते आज पोटात असलेले जंत मारतं, पण पुढच्या आठवड्यात गवतातून नवे जंत पोटात गेले तर त्यांना अडवत नाही. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे ‘सुई दिली आहे’ म्हणून लोक निर्धास्त राहतात आणि श्रावणात करडं मरतात. त्या मरणांतली बरीचशी टाळता येतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

जगात मात्र अशी एक लस आहे. स्कॉटलंडमधल्या मोरेडन संशोधन संस्थेच्या कामातून ती तयार झाली आणि 2014 साली ऑस्ट्रेलियात मेंढ्यांसाठी ‘बार्बरव्हॅक्स’ नावाने बाजारात आली. तिची करामत अशी की, लस टोचलेल्या मेंढीच्या रक्तात जंताच्या आतड्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. जंत ते रक्त पितो आणि त्या रक्तानेच त्याचं पचन बिघडतं. पण ती एकाच जातीच्या जंतावर चालते, सुरुवातीला काही आठवड्यांच्या अंतराने अनेक डोस लागतात आणि पुढेही हंगामभर साधारण दर सहा आठवड्यांनी ती टोचत राहावी लागते. उद्या ती इथे आली तरी खाली सांगितलेली कामं सुटणार नाहीत.

तो एक जंत म्हणजे हिमाँकस. शेळीच्या चौथ्या पोटात राहतो, रक्त पितो. एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. अंडी लेंडीतून बाहेर पडतात आणि मुंबईच्या पावसाळी उकाड्यात आठवड्याभरात त्यांतून शेळीला बाधणाऱ्या अळ्या तयार होऊन ओल्या गवतावर चढतात. शेळीने ते गवत खाल्लं की साधारण तीन आठवड्यांत नवी पिढी अंडी घालू लागते. जून ते सप्टेंबर हे चक्र किती वेळा फिरतं याचा हिशेब तुम्हीच करा.

फसगत होते ती इथे: या जंताने शेळीला बहुधा हगवण लागत नाही. लेंडी घट्ट, शेळी खातेपिते, आणि एक दिवस बसते ती उठतच नाही. याउलट लेंडीवर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले की लोक घाबरून धावतात. ते पट्टकृमीचे तुकडे असतात, आणि मोठ्या शेळीला त्यांचा त्रास तुलनेने कमी असतो. खरा मारेकरी लेंडीत डोळ्यांना दिसत नाही.

पहिलं काम: डोळा बघा

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी प्रत्येक शेळीचा डोळा तपासा. उजेडात, घराबाहेर, ट्यूबलाइटखाली नको. एका हाताने डोकं धरा. अंगठ्याने वरची पापणी डोळ्यावर मिटवून बुबुळ हलकेच आत दाबा आणि दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी खाली ओढा. आतली ओली त्वचा वर उमलून येते. तिचा रंग क्षणभरात बघून सोडून द्या, कारण पापणी जास्त वेळ ताणून ठेवली तर रंग बदलतो. दोन्ही डोळे बघा आणि जो फिका असेल तो धरा.

लालबुंद किंवा लालसर गुलाबी असेल तर औषध नको. फिकट गुलाबी-पांढरा किंवा कागदासारखा पांढरा असेल तर त्याच दिवशी औषध. मधला गुलाबी असेल तर करडू, गाभण, नुकतीच व्यालेली किंवा हाडं वर आलेली शेळी असल्यास द्या, बाकीच्यांवर नजर ठेवा. दक्षिण आफ्रिकेत या तपासणीसाठी पाच रंगांचा ‘फमाचा’ तक्ता तयार झाला, जगभर तोच वापरतात. जबड्याखाली पाण्याची मऊ पिशवी लोंबताना दिसली तर रक्त फार कमी झालंय असं समजा आणि डॉक्टरांना गाठा. डोळा गोचीड, उवा किंवा यकृतातल्या चपट्या जंतानेही पांढरा पडतो, म्हणून कानाच्या आत आणि शेपटीखालीही बोटं फिरवून बघा.

दुसरं काम: लेंडी तपासून घ्या

नुकत्याच टाकलेल्या आठ-दहा लेंड्या प्लास्टिकच्या पिशवीत घ्या, हवा काढून टाका, शेळीची खूण लिहा, थंड ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. उकाड्यात अंडी दिवसभरात फुटतात, मग मोजण्यासारखं काही उरत नाही. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, नाहीतर परळ आहेच. बैलघोडा हॉस्पिटल आणि 1886 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय दोन्ही तिथेच आहेत.

तिसरं काम: औषध नेमकं वजनाप्रमाणे

सगळ्यात जास्त नुकसान अंदाजाने औषध पाजल्याने होतं. औषध कमी पडलं की कच्चे जंत मरतात, दांडगे उरतात आणि पुढची सगळी पिढी त्यांचीच. काटा नसेल तर शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर इंचांत मोजा, खांद्याच्या टोकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे अंदाजे किलो. घेर 28 आणि लांबी 26 असेल तर शेळी साधारण 31 किलोची.

औषध कोणतं आणि किती, हे डॉक्टरांकडूनच घ्या. शेळीचं शरीर औषध लवकर बाहेर टाकतं, त्यामुळे मेंढीचा डोस तिला बहुतेक औषधांत अपुरा पडतो. समजा, किलोमागे 10 मिलिग्रॅम अल्बेंडाझोल सांगितलं आणि बाटली 2.5 टक्क्यांची आहे, म्हणजे एका मिलीत 25 मिलिग्रॅम. 31 किलोच्या शेळीला साडेबारा मिलीच्या आसपास लागेल. गाभणपणाच्या पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नका, गाभाला धोका असतो. लेव्हामिसोल या दुसऱ्या जंतनाशकाचा डोस जास्त झाला तर शेळीला विषबाधा होते, ते स्वतःच्या मनाने कधीच नको.

पाजताना सिरिंज गालाच्या कडेने, जिभेच्या मागच्या भागापर्यंत न्या आणि सावकाश सोडा. तोंड आडवंच राहू द्या. आकाशाकडे वर करून ओतलं तर औषध फुफ्फुसात जातं. खोकली तर थांबा.

सगळ्या कळपाला एकदम पाजू नका. थोड्याच शेळ्यांच्या पोटात बहुतेक जंत असतात, डोळा त्याच शेळ्या दाखवतो. बाकीच्यांच्या पोटातले औषध न पाहिलेले जंत राहिले तर दांडग्यांचं प्रमाण कमी राहतं आणि औषध वर्षानुवर्षं चालतं. दहा ते चौदा दिवसांनी लेंडी पुन्हा तपासा. शंभर अंड्यांमागे पाचाहून जास्त उरली असतील, तर ते औषध तुमच्याकडे निकामी होत चाललंय.

चारा

शेळी मुळात झाडपाला ओरबाडणारा प्राणी आहे. फणस, आंबा, उंबर, बाभूळ, थोडी सुबाभूळ असा पाला उंच टांगून दिला तर अळ्या तोंडाला लागतच नाहीत. गवत कापायचं तर जमिनीपासून चार बोटं वर. चरायला सोडायचं तर दव उतरल्यावर. गोगलगायी दिसतात त्या डबक्याकाठचं, नाल्याकाठचं गवत आणूच नका. चपटा जंत तिथूनच येतो. चारा जमिनीवर टाकू नका, लेंडी रोज झाडून काढा. पूर्ण बांधून, पाल्यावर वाढवलेल्या बोकडाला दर महिन्याला जंतनाशक पाजण्याची गरजच नसते. देवनारच्या बाजारातून नवीन जनावर आणलं तर ते आधी दोन आठवडे वेगळं बांधा, लेंडी तपासा, मगच कळपात.

आणि ज्या लसी खरंच टोचायच्या आहेत

आंत्रविषार म्हणजे आतड्यात जिवाणूंचं विष तयार होऊन होणारा रोग; त्याची लस पावसाआधी द्यायची असते. पहिल्या वर्षी दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, नंतर दरवर्षी. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या साथरोगाची लस एकदा टोचली की साधारण तीन वर्षं चालते, करडाला चौथ्या महिन्यानंतर. जनावर जंतांनी खंगलेलं असेल तर लस नीट लागू होत नाही, म्हणून जंताचं औषध आठ-पंधरा दिवस आधी द्यावं आणि डोळ्यात लाली परतलेली बघून मग सुई.

बकरी ईदसाठी किंवा कापण्यासाठी जनावर विकायचं असेल तर बाटलीवरची मुदत वाचा. औषध दिल्यानंतर मांस आणि दूध किती दिवस वापरायचं नाही ते तिथे लिहिलेलं असतं, नसेल तर डॉक्टरांना विचारा. घेणाऱ्याला शेवटचं औषध कोणत्या तारखेला दिलं ते कागदावर लिहून द्या.