आखाड्यावरचं लग्न टिपताय? या चुका टाळा

आमच्या परभणी-हिंगोलीकडं शेतातल्या वस्तीला आखाडा म्हणतात. गोठा, कडब्याची गंजी, विहीर, दोन-चार लिंबाची (कडुलिंबाची) झाडं आणि माल ठेवायला बांधलेलं लांबलचक पत्र्याचं शेड. तूर-हरभरा विकून झाला की उन्हाळ्यात हे शेड मोकळं होतं आणि तिथंच घरातलं लग्न उभं राहतं. भिंतींना चुना, दाराला आंब्याचं तोरण, पुढं मांडव. मला ही लग्नं मंगल कार्यालयातल्या लग्नांपेक्षा जास्त आवडतात, कारण माणसं स्वतःच्या रानात मोकळी वागतात. फोटो मात्र इथं पटकन बिघडतात. कार्यालयात हात बसलेला चांगला फोटोग्राफरही आखाड्यावर येऊन फसतो. मी स्वतः फसलो आहे, म्हणून हे लिहितोय.

जागा न बघता लग्नाच्या दिवशी थेट पोचणं, ही पहिली चूक. ‘संध्याकाळी चक्कर मारून आलो’ म्हणणारेही त्यातच आले. मुहूर्त दुपारी साडेबाराचा असेल तर जागा साडेबारालाच बघायची, तेही मांडव पडण्याच्या आधी. संध्याकाळी सोनेरी दिसणारं शेड भर दुपारी आतून काळंकुट्ट असतं आणि दारात आग लागल्यासारखं ऊन असतं.

दार पाठीशी घेऊन मांडलेलं स्टेज

सगळ्यात जास्त फोटो इथं वाया जातात. मंडपवाला सामान उतरवायला सोपं म्हणून स्टेज दारालगत लावतो. नवरा-नवरी दाराकडं पाठ करून उभे राहतात. बाहेरच्या उन्हाचा उजेड साधारण लाखभर लक्स असतो, आत काहीशे. हा फरक आठ-नऊ स्टॉपचा होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). त्यात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) वाढवलेला असेल तर कॅमेऱ्याची झेप आणखी कमी पडते. चेहरा धरला तर मागचं दार पांढरं फट्ट होतं आणि दार धरलं तर नवरीचा चेहरा कोळशासारखा होतो. माझ्या एका सुरुवातीच्या लग्नात सगळ्या मंगलाष्टका अशाच गेल्या. फ्लॅश मारून चेहरे वाचवले, पण ते चिकटवल्यासारखे दिसत होते. अल्बम बघताना मुलीचे वडील काहीच बोलले नाहीत. पानं उलटत राहिले. तो अर्धा तास मी विसरलेलो नाही.

उपाय फुकटचा आहे. स्टेज दारासमोर, दाराकडं तोंड करून आणि दारापासून दहा-बारा फूट आत घ्यायचं. मग तेच दार एका मोठ्या मऊ दिव्यासारखं काम करतं आणि मागचा अंधार आपोआप काळा पडदा होतो. थेट ऊन स्टेजवर येत असेल तर दारावर पांढरं धोतर ताणायचं. मात्र वर-वधूनं कोणत्या दिशेला तोंड करायचं हे गुरुजींच्या हातात असतं, म्हणून स्टेज फिरवण्याआधी त्यांना विचारा. आदल्या दिवशी नीट विचारलं तर बहुतेक गुरुजी मार्ग काढून देतात. ऐन मुहूर्ताला कोणीच ऐकत नाही, आणि तेव्हा त्यांचं बरोबर असतं.

छताकडंही एकदा बघून घ्या. पत्र्यात मध्ये मध्ये फायबरचे पारदर्शक पत्रे असतात. त्यातून दुपारी उन्हाचा चौकोन खाली पडतो आणि तो नेमका नवरदेवाच्या बाशिंगावर आला तर पुढचे सगळे फोटो गेले. वर दोन गोणपाटं टाकली की काम होतं. जुन्या पत्र्याला खिळ्यांची भोकं असतात, त्यांचेही ठिपके चेहऱ्यावर उमटतात.

हिरवी शेडनेट आणि लाल मांडव

हळदीला सावली हवी म्हणून घरातली हिरवी शेडनेट ताणतात. शेतात ती असतेच, भाडं लागत नाही. पण हिरव्या जाळीखालचा उजेडही हिरवा असतो आणि हळद लावलेल्या पिवळ्या अंगावर तो पडला की माणूस आजारी दिसतो. मी असे दोनशे फोटो काढून दिले होते. नवरीच्या आजीनं मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, “आरं लेकरा, पोरगी हिरवी कामून दिसायली?”

व्हाइट बॅलन्सनं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या रंगदुरुस्तीनं, हे पूर्ण सुटत नाही. जाळीखालचा चेहरा दुरुस्त केला की जाळीबाहेर उभी असलेली माणसं जांभळट होतात, कारण दोन वेगळे उजेड एकाच फोटोत आलेले असतात. लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवाचंही तसंच. तिथं फ्लॅश वर मारून बाउन्स करणं म्हणजे आणखी लाल रंग चेहऱ्यावर आणणं. पाट मांडतात तेवढ्या जागेवर, आठ बाय दहा फूट, आतून पांढरं कापड लावायला मंडपवाल्याला सांगा. नाही जमलं तर हळद लिंबाच्या दाट सावलीत किंवा गोठ्याच्या पडवीत घ्या. विरळ सावली नको, चेहऱ्यावर उन्हाचे डाग पडतात. रॉ (म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली) फाइल आणि नंतर रंग जुळवायला त्याच जागी काढलेला ग्रे कार्डचा, म्हणजे राखाडी पुठ्ठ्याचा, एक फोटो, एवढं तर हवंच.

काळी माती उजेड गिळते

हे मला कोणी सांगितलं नव्हतं, फार उशिरा कळलं. कार्यालयाच्या फरशीवर उभ्या माणसाला खालून थोडा उजेड परत मिळतो. नांगरलेल्या काळ्या रानात तो मिळत नाही. वरून ऊन आणि खालून काहीच नाही, त्यामुळं डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात, त्यात डोक्याला फेटा. शिवाय मागं काळं रान भरपूर असलं की कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं आणि चेहरे गरजेपेक्षा उजळ करतं. मागं चमकणारा पत्रा असला की नेमकं उलटं, चेहरे काळवंडतात. म्हणून चेहऱ्यावर मीटर करा. ग्रुप फोटो नांगरटीत घेऊ नका, कडब्याच्या गंजीजवळ किंवा वाळलेल्या गवतावर घ्या, जिथं जमीन फिकट आहे. पुढं पांढरी चादर अंथरली तरी चेहरे बदलतात.

नवरा-नवरीचे निवांत फोटो दुपारी उरकून टाकायचा मोह होतो, कारण सगळे तयार असतात. मे महिन्यात आमच्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो, नवरीचा मेकअप उतरतो, नवरदेव डोळे बारीक करून उभा राहतो. सूर्य पावणेसात-सातच्या दरम्यान मावळतो. सहाला वीस मिनिटं मागून घ्या, आणि ती मागणी सकाळीच मुलीच्या मामांकडं करून ठेवा. पाठवणीची घाई लागली की कोणीच वेळ देत नाही.

वीज आणि फोटोतले पट्टे

शेतातलं शेड बहुतेक वेळा शेतीपंपाच्या फीडरवर (पंपांसाठीच्या वीजवाहिनीवर) असतं. तिथं थ्री-फेज वीज ठरलेल्या तासांपुरती येते, कधी दिवसा, कधी रात्री. गावात लाइट आहे म्हणजे आखाड्यावर असेलच असं नाही. त्या आठवड्याची वेळ घरच्यांना विचारून घ्या. जनरेटर असेल तर डीजे आणि दिवे एकाच लाइनवर नाहीत ना ते बघा. डीजेनं ठोका धरला की दिवे डुलायला लागतात.

स्वस्त एलईडी दिवे डोळ्याला स्थिर दिसतात, कॅमेऱ्याला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून असे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर (ते उघडं राहण्याची वेळ, सेकंदाच्या भागात) १/५० किंवा १/१०० ठेवलं तर पट्टे येत नाहीत, १/५०० ला हमखास येतात. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं तर अजून वाईट. जनरेटरचा वेग भारानुसार खालीवर होतो, तेव्हा १/५० लाही व्हिडिओत पट्टा सरकताना दिसतो. त्यावर बॅटरीवर चालणारा स्वतःचा दिवा हाच खरा इलाज.

आणि इथं पुन्हा ते दार आठवा. अक्षतांचा पाऊस हवेत थांबवायचा तर शटर १/५०० पेक्षा वेगवान लागतं. एलईडीखाली ते जमत नाही. दारातून येणाऱ्या दिवसाच्या उजेडात बिनघोर जमतं. स्टेजची दिशा बरोबर असेल तर अर्धे प्रश्न उरतच नाहीत.

अंतरपाट बाजूला होतो तो क्षण दोन-तीन सेकंदांचा. शेडमध्ये कार्यालयासारखी मोकळी जागा नसते, ‘सावधान’ ऐकू आलं की सगळे पुढं सरकतात आणि फोटोग्राफरसमोर मोबाइल धरलेले हात येतात. एक जोडीदार दाराच्या बाजूला घडीच्या शिडीवर ठेवा. अंतरपाट कोणत्या बाजूला ओढणार हे धरणाऱ्यांना आधी विचारा. आमच्याकडं बऱ्याच लग्नांत अक्षता ज्वारीच्या असतात. दाणे लेन्सच्या हूडमध्ये साचतात, कॅमेरा वर केला की काचेवर घरंगळतात. हूड झटकून मगच पुढचा फोटो घ्या, रुमालानं पुसायला गेलात तर चरा पडेल.

धुळीबद्दल थोडक्यात. उघड्यावर लेन्स बदलू नका, दोन बॉडी ठेवा. वरातीत नाचणाऱ्यांच्या पायाखालची काळी माती पिठासारखी उडते आणि सेन्सरवर बसली की एफ/११ च्या पुढं (लेन्सचं भोक बारीक केलं की) आभाळात ठिपके दिसतात. कॅमेरा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. फोटो दोन्ही कार्डांवर लिहिले जातात की नाही तपासा, आणि जेवायच्या आधी एक प्रत लॅपटॉपवर घ्या.

मोहोळ, बैल आणि ड्रोन

ही चूक फोटोवर थांबत नाही, जिवावर येते. आखाड्याच्या वडा-पिंपळावर किंवा विहिरीच्या कठड्याखाली आग्या मोहोळ असतं. धूर, फटाके, ड्रोनचा आवाज यांनी ते उठू शकतं. रात्री या माश्या झगझगीत दिव्याकडंही येतात, म्हणून हॅलोजन त्या झाडाखाली लावूच नका. गेल्या गेल्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, “आबा, मोहोळ कुठं हाय?” त्यांना नेमकी फांदी ठाऊक असते. मोहोळ असेल तर ड्रोन पेटीतच राहू द्या. कोणी कितीही आग्रह केला तरी.

एरवीही ड्रोन उडवताना रानातून गेलेल्या विजेच्या तारा आधी पायी फिरून बघा, पडद्यावर त्या दिसत नाहीत. ड्रोन नियम २०२१ पासून लागू आहेत. हिरव्या क्षेत्रात (सरकारी ड्रोन-नकाशावर हिरवा दाखवलेला भाग) ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, पण विमानतळाजवळ हिशेब बदलतो. नांदेड, लातूर किंवा चिकलठाण्याच्या आसपास काम असेल तर हद्दीचा नकाशा बघूनच निघा.

नवरदेव बैलगाडीतून येणार असेल तर समोरून फ्लॅश मारू नका. झूल, घुंगरं, डीजे यांनी बैल आधीच बावरलेला असतो, डोळ्यावर चमक आली की बुजतो. कासरा घरच्या गड्याच्या हातात असू द्या, तुम्ही बैलाला दिसाल असे बाजूला उभे राहा, आणि गाडी थांबल्यावर फोटो घ्या.

कोणाचं लग्न आहे ते न विचारणं

सगळ्या लग्नांचा क्रम एकच धरून चालणं हीसुद्धा चूकच. लातूर-धाराशिवकडं लिंगायत लग्नात जंगम स्वामी विधी करतात, क्रम वेगळा असतो. बौद्ध लग्नात त्रिशरण-पंचशील असतं आणि वर-वधू पांढऱ्या कपड्यांत असतात. उन्हात ते कापड फोटोत पांढरं फट्ट होऊ नये म्हणून एक्स्पोजर कमी ठेवावं लागतं. काय कधी होणार हे आदल्या दिवशी विचारून कागदावर लिहून घ्या. त्याच कागदावर मानपानाची यादीही घ्या: फेटा कोणाला, शेला कोणाला, व्याही भेट कधी. सजावटीचे शंभर फोटो आले आणि नवरीच्या सख्ख्या आत्याचा एकही नाही, तर ते दुखणं त्या घरात वर्षानुवर्षं राहतं.

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र कागदावर येण्यासारखी नव्हती. पाठवणीची वेळ झाली होती. मी शेडमध्ये दिवे उतरवत होतो, कारण गाडी फुलांनी सजवायला अजून अवकाश होता. तेवढ्यात नवरी शालू सावरत एकटीच गोठ्यात गेली. लहानपणापासून जिच्यासोबत वाढली त्या गाईच्या कपाळाला तिनं कपाळ लावलं, आणि वडील दावणीजवळ भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. हे मला शेजारच्या पोरानं नंतर सांगितलं. मी बाहेर आलो तेव्हा ती गाडीत बसली होती.

तेव्हापासून हळदीच्या रात्री, पाहुणे जेवत असताना, मी नवरीला एकच विचारतो: “ताई, उद्या निघायच्या आधी कुठं कुठं जाणार?” कोणी गोठा सांगते, कोणी विहीर, कोणी बांधावरची आजोबांची समाधी. एक मुलगी म्हणाली, “मायच्या चुलीपाशी.” मी दुसऱ्या दिवशी दुपारीच तिथला उजेड बघून ठेवतो. लांबची लेन्स लावतो, फ्लॅश काढून टाकतो आणि ती यायच्या आधी कोपऱ्यात जाऊन उभा राहतो.