उजनीसारख्या धरणाचं पाणी पाणकिड्यांवरून कसं ओळखायचं

बाटली भरून लॅबला दिली की त्या दिवशीचं पाणी कळतं, पण गाळातली अळी कित्येक आठवडे तिथेच असते, मधे सांडपाण्याचा लोंढा येऊन गेला असेल तर तो तिने सोसलेला असतो. म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ ब्रिटनची बीएमडब्ल्यूपी ही पाण्यातल्या प्राण्यांवरून पाणी जोखायची पद्धत आपल्याकडच्या प्राण्यांना जुळवून वापरतं, त्यात प्राण्यांच्या प्रत्येक कुळाला १ ते १० मार्क असतात, घाण सोसणाऱ्याला कमी आणि स्वच्छ पाणीच लागणाऱ्याला जास्त.

नोव्हेंबर-डिसेंबरात जा. उन्हाळ्यात पाणी भराभर उतरतं, आज जो काठ आहे तो परवा कोरडा, मग तिथे प्राणी कुठून सापडणार? फुगवट्यात वरच्या अंगाला, मधे आणि भिंतीकडे (तिथे आधी परवानगी काढा) अशा निदान तीन जागा घ्या, आणि एकीकडे गवताचा काठ घेतला तर बाकी ठिकाणीही गवतच शोधा, नाहीतर फरक पाण्याचा की काठाचा ते कळणार नाही. गुडघ्याच्या वर पाण्यात उतरू नका.

बारीक जाळीची झोळी गवतातून आणि तळाच्या चिखलावरून ३ मिनिटं फिरवा, सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यात ओता आणि जरा थांबा, गाळ बसला की जिवंत ते आपोआप हलायला लागतं.

लाल वळवळणाऱ्या अळ्या म्हणजे कायरोनोमिड, मार्क २. त्यांच्यात हिमोग्लोबिन असतं म्हणून ऑक्सिजन कमी असला तरी टिकतात (उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला येणारे फ्लेमिंगो यांच्यावर ताव मारतात, त्यामुळे पक्षी दिसले म्हणजे पाणी चांगलं हे डोक्यातून काढा). ट्युबिफेक्सला (गाळातला दोऱ्यासारखा बारीक किडा) १. जळू आणि बऱ्याचशा गोगलगायींना ३. शंख टोक वर करून धरा, तोंड डावीकडे आलं तर बहुतेक फायसा, ती हवेतूनच श्वास घेते म्हणून घाण पाण्यात मजेत असते. मेफ्लाय या नाजूक पंखांच्या किड्याचं पिल्लू आणि टाचणीचं (चतुराचा सडपातळ भाऊबंद) पिल्लू यात गल्लत होते, दोघांनाही मागे तीन शेपट्या, पण टाचणीच्या शेपट्या पानासारख्या चपट्या आणि मेफ्लायचे कल्ले पोटाच्या दोन्ही बाजूंना फडफडताना दिसतात. चतुराच्या लिबेल्युलिड कुळाला मूळ यादीत ८ आहेत, मला ते जास्तच वाटतात, गटारापाशी उडणारा केशरी चतुर त्याच कुळातला.

एका कुळाचे मार्क एकदाच धरायचे, शंभर अळ्या असल्या तरी. बेरीज करून कुळांच्या संख्येने भागा. आता मुख्य गोष्ट, ही यादी मुळात वाहत्या नद्यांसाठी केलेली, त्यामुळे धरणात नुसत्या आकड्यावरून 'पाणी खराब' असा शिक्का मारू नका, एकाच धरणातल्या जागा एकमेकींशी ताडून बघा आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात परत या. खोल तळाचा गाळ तर घेऊच नका, तिथे ऑक्सिजन पोचत नाही, त्यामुळे बऱ्यापैकी पाण्यातही लाल अळ्याच निघतात.

पाणी पिण्यालायक आहे का ते मात्र यातून कळत नाही, त्याला जीवाणूंची टेस्टच लागते. प्राणी परत सोडा, आणि जेवणाचा डबा उघडायच्या आधी हात साबणाने धुवा.