चतुर्भुज नाल्यातली शैलचित्रे पाहायला जाताना

मध्य प्रदेशातल्या मंदसौर जिल्ह्यात, गांधीसागर अभयारण्याच्या हद्दीत चतुर्भुज नाला आहे. चंबळ खोऱ्यातल्या या नाल्याने वालुकाश्म कोरून काठाला कडे तयार केले आहेत आणि त्यांच्या कपारींतून चित्रे लांबवर पसरली आहेत. त्यांत हरणे, बैल, धनुर्धारी, घोडेस्वार आहेत. इथले चाकांचे रथ तर अभ्यासकांत विशेष प्रसिद्ध आहेत.

मुंबई–कोटा–दिल्ली लोहमार्गावर भवानी मंडीला उतरावे आणि गाडी करून भानपुऱ्यामार्गे गांधीसागरकडे निघावे. भानपुऱ्यात यशवंतराव होळकरांची छत्री (स्मारक) आहे, तीही पाहून घ्यावी. एप्रिल २०२५ मध्ये या अभयारण्यात चित्ते सोडले आहेत. त्यामुळे प्रवेश, वेळ आणि सोबत वाटाड्या लागतो का, हे निघण्याआधी वन विभागाकडे विचारावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात नाल्याला पाणी चढते आणि शेवाळलेल्या खडकावर पाय ठरत नाही. चंबळच्या पाण्यात मगरी आहेत, म्हणून डोहात उतरू नये.

कड्यांवर आग्या मोहोळ असू शकते. अत्तर लावू नये, विडी-सिगारेट पेटवू नये, आरडाओरडा करू नये. माश्या उठल्याच तर तोंड-डोके झाकून सरळ लांब पळावे. हात झटकत उभे राहिले की डंख वाढतात.

कपारीत शिरण्याआधी पाठीवरची सॅक बाहेर ठेवावी. छत बुटके असते, वळताना सॅक भिंतीला घासते आणि रंग कायमचा जातो. पाय घासत चालू नये, उडालेली धूळ चित्रांवर बसते. मग पाचेक मिनिटे नुसते उभे राहावे. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना आधी फक्त गडद रंग दिसतात, फिकट गेरू हळूहळू उमटू लागतो. उंचावरच्या चित्रांसाठी आठपट मोठे दाखवणारी आणि दोन-तीन मीटरवरही फोकस होणारी दुर्बीण पुरते.

चित्र उठून दिसावे म्हणून त्यावर पाणी मारण्याची वाईट खोड अनेक ठिकाणी आहे. असे करणाऱ्याला नम्रपणे पण ठामपणे थांबवावे. दगडाची छिद्रे पाण्याने भरली की प्रकाश कमी विखुरतो, म्हणून रंग क्षणभर गडद होतो. वाळताना मात्र आतले क्षार पृष्ठभागावर येतात, त्यांचे स्फटिक होतात आणि पोपडा सुटतो, किंवा चित्रावर पांढुरका थर चढतो. हजारो वर्षे टिकलेली रेघ अशी डोळ्यांदेखत संपते. खडूने रेघ गिरवणे किंवा बोट लावून दाखवणेही तितकेच घातक, कारण बोटांचे तेल दगडात मुरते.

फोटो फ्लॅशशिवाय काढावा. समोरून फ्लॅश पडला की खडक पांढरा पडतो आणि पातळ लाल रंग हरवतो. अर्धे ऊन, अर्धी सावली असेल तर पूर्ण भिंत सावलीत येईपर्यंत थांबावे. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) कमी ठेवून कॅमेरा तिपाईवर लावावा. डिजिटल झूम टाळावा. पुढे डीस्ट्रेच या संगणकीय साधनाने पुसट रंग वर काढता येतो. लाल रंगासाठी त्यातले एलआरई, वायआरई किंवा सीआरजीबी हे पर्याय वापरून पाहावेत. झूम केलेल्या किंवा फार दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) जेपीजीत मात्र चित्राऐवजी चौकटीच उठतात. प्रत्येक चित्राचा एक फोटो पूर्ण कड्यासह घ्यावा, नाहीतर घरी आल्यावर कोणते चित्र कुठले ते कळत नाही.

एकावर एक चित्रे असतील तर कोणती रेघ कोणत्या रेघेवरून गेली आहे ते शोधावे. खालची रेघ जुनी. पण ती नेमकी किती जुनी, हे एवढ्यावरून ठरत नाही. घोडेस्वार आणि शस्त्रधारी सहसा ऐतिहासिक काळातले मानले जातात. नुसत्या रानटी जनावरांची चित्रे त्याहून आधीची असू शकतात. नीमचला जन्मलेले पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये मध्य प्रदेशातलेच भीमबेटका हे शैलचित्रांचे ठिकाण उजेडात आणले आणि चंबळच्या या टापूतल्या चित्रांचाही अभ्यास केला. आधी भीमबेटका पाहिले असेल तर इथल्या शैली ओळखणे बरेच सोपे जाते. नाल्यासाठी अर्धा दिवस राखावा आणि उजेड असतानाच परत फिरावे.