एकच पीएचपी अ‍ॅप, अनेक थीम : या चुका टाळा

कोड एकच, पण क्लायंट चार. प्रत्येकाला आपला रंग, आपला लोगो, आपलं होमपेज हवं, म्हणजेच आपली थीम हवी. अशा प्रोजेक्टमध्ये ‘थीम बिघडली’ अशी तक्रार आली की बहुतेक जण आधी सीएसएस (रंगरूप ठरवणारी फाइल) उघडतात. दोष बऱ्याचदा तिथे नसतोच. समोर दिसणारं पान नेमकं कुठल्या फाइलमधून आलं, हेच कुणाला सांगता येत नाही.

म्हणून पहिलं काम ते शोधण्याचं. ड्रूपल या वेबसाइट-प्रणालीत ट्विगचा (पानांचे साचे चालवणाऱ्या साधनाचा) डीबग मोड चालू केला की एचटीएमएलच्या कॉमेंटमध्ये टेम्प्लेटचा, म्हणजे साच्याच्या फाइलचा, पत्ता छापून येतो. स्वतःच्या अ‍ॅपमध्येही डेव्हलपमेंट सर्व्हरपुरती अशी सोय करायला फार वेळ लागत नाही. ती नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नव्या थीमसाठी जुनीचं अख्खं फोल्डर कॉपी करणं. काम झटपट होतं, डेमोही छान होतो. पुढे कधीतरी कळतं की सर्चमध्ये टाकलेला मजकूर एस्केप न करताच (त्यात लपलेला कोड निष्प्रभ न करताच) पानावर छापला जातोय. एका थीममध्ये दुरुस्ती होते, बाकीच्यांत सुरक्षेचं भोक तसंच राहतं. थीमच्या फोल्डरमध्ये फक्त वेगळ्या असलेल्या फाइल ठेवा, उरलेल्या मूळ थीममधून येऊ द्या. वर्डप्रेसची चाइल्ड थीम (मूळ थीमवर आधारलेली थीम) असंच करते. लारावेल (पीएचपीची एक फ्रेमवर्क) आणि ट्विगमध्ये टेम्प्लेट कुठल्या फोल्डरांत शोधायचे याची यादी देता येते. त्यात क्लायंटचं फोल्डर आधी, मूळ नंतर.

इथेही दोन खड्डे आहेत. वर्डप्रेसमध्ये चाइल्ड थीमचा टेम्प्लेट मूळ टेम्प्लेटची जागा घेतो, पण फंक्शन्सची फाइल घेत नाही. त्या दोन्ही लोड होतात, चाइल्डची आधी. मूळ फाइल जशीच्या तशी तिथे चिकटवली, तर तेच फंक्शन दोनदा लिहिलं गेल्याचा फेटल एरर येऊ शकतो. ट्विगमधला खड्डा वेगळा. क्लायंटचा लेआउट मूळ लेआउटला एक्स्टेंड करतो (त्याच्यावर आधारून फक्त हवा तो भाग बदलतो), पण दोन्ही फाइलींचं नाव एकच. ट्विग त्या नावाने शोधायला जातो आणि पुन्हा क्लायंटचीच फाइल उचलतो. फाइल स्वतःलाच एक्स्टेंड करत बसते. मूळ फोल्डरला वेगळा नेमस्पेस (नावाआधी लावायचं ओळखनाव) दिला की प्रश्न मिटतो.

थीमचं नाव यूआरएल किंवा कुकीमधून घेऊन थेट इन्क्लूडच्या (दुसरी फाइल आत ओढणाऱ्या आज्ञेच्या) पत्त्यात जोडणारा कोड अजूनही सापडतो. हे सर्व्हरवरच्या भलत्या फाइली उघडायला दिलेलं आमंत्रण आहे. मंजूर थीमची यादी कॉन्फिगमध्ये (अ‍ॅपच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) ठेवा. नाव यादीत नसेल तर सरळ डिफॉल्ट थीम.

आता सगळ्यात चकवणारा प्रकार. वेबसाइट अगदी ठीक दिसते, पण ऑर्डरच्या ईमेलवर दुसऱ्याच क्लायंटचा लोगो येतो. थीम डोमेनवरून मिडलवेअरमध्ये (प्रत्येक रिक्वेस्ट आधी ज्यातून जाते त्या कोडमध्ये) ठरते आणि ईमेल पाठवतो क्यू वर्कर, म्हणजे रांगेतली कामं (जॉब) मागे उरकणारी प्रोसेस. त्याच्याकडे ब्राउझरची रिक्वेस्टच नसते. शिवाय ही प्रोसेस तासन्‌तास चालू राहते. कुठल्या नावाचा व्ह्यू (लारावेलमधला टेम्प्लेट) कुठल्या पत्त्यावर सापडला, हे लारावेल तेवढा वेळ लक्षात ठेवतं. आधीच्या जॉबची थीम पुढच्याला चिकटते ती अशी. जॉबमध्ये क्लायंटचा आयडी पाठवा, सुरुवातीलाच थीम ठरवा आणि व्ह्यू फाइंडरची (व्ह्यू शोधणाऱ्या भागाची) ती आठवण फ्लश करा, म्हणजे पुसून टाका.

रिफ्रेश केल्यावर कधी जुनी थीम, कधी नवी दिसते? सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे नेणारा शॉर्टकट) बदलून थीम फिरवत असाल तर पीएचपीची रिअलपाथ कॅशे, म्हणजे फाइलींच्या खऱ्या पत्त्यांची साठवण, तपासा. तिची डिफॉल्ट मुदत 120 सेकंद असते आणि एफपीएमच्या (सर्व्हरवर पीएचपी चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) प्रत्येक वर्करची कॅशे स्वतंत्र. एक वर्कर नव्या फोल्डरवर पोचलेला असतो, दुसरा अजून जुन्यावरच. सिमलिंक बदलल्यावर एफपीएम रीलोड करा. पानांची कॅशे असेल तर तिच्या कीमध्ये (साठवलेलं पान ओळखण्याच्या नावात) थीमचं नाव हवंच. नाहीतर एकाचं पान दुसऱ्याला दिसेल.

विंडोजवर चालणारी थीम लिनक्सवर ‘फाइल सापडत नाही’ म्हणू लागली, तर फाइलच्या नावातली कॅपिटल-स्मॉल अक्षरं बघा, लिनक्स ती वेगळी धरतं. थीममध्ये डेटाबेसच्या क्वेरी लिहूच नका.

आणि मराठी साइट असेल तर एक जास्तीचं काम. इंग्रजीसाठी बनवलेल्या थीममध्ये शीर्षकांना हमखास लेटर-स्पेसिंग दिलेलं असतं. देवनागरीत त्याने शिरोरेखा तुटते, अक्षरं सुटी पडतात. लाइन-हाइट कमी असेल तर वरची वेलांटी आणि खालचा उकार ओळींमध्ये अडकतात. मूळ थीममध्येच पानाची भाषा मराठी असेल तेव्हा लेटर-स्पेसिंग शून्य आणि लाइन-हाइट थोडी मोकळी असा नियम लिहा, म्हणजे प्रत्येक क्लायंटच्या फोल्डरमध्ये तो पुन्हा लिहावा लागणार नाही.