हॉलमधलं फळांचं चित्र बघायचं कसं

आमच्या वास्तूला मामांनी एक चित्र दिलेलं, ऑइल पेंटचं, दोन फूट बाय दीड फूट असेल. निळ्या कापडावर अर्धी चिरलेली पपई, चार केळी, फोडलेलं डाळिंब, तीन पेरू आणि मागं पितळेचा तांब्या. मी सरळ टीव्हीच्या वर खिळा मारून लावून सोडलो आणि पुढची दोन वर्षं त्याच्याकडं कुणी नीट बघितलं असेल तर शप्पथ. पाहुणे यायचे, "छान आहे की" म्हणायचे आणि दुसऱ्या वाक्याला कुंदा, आमची बेळगावची खव्याची मिठाई, कुठल्या दुकानाचा म्हणून विचारायचे.

तर पहिलं काम, ते टीव्हीच्या वरनं काढा. टीव्हीसमोर कुठलंच चित्र टिकत नाही. सकाळी चहा घेऊन जिथं बसता त्याच्या समोर लावा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवतात, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्याला येतो, पण बसूनच बघणार असाल तर अजून थोडं खाली घ्या. आपल्याकडं सगळे उगीच वर लावतात, देवाच्या फोटोच्या लायनीत.

आता एक गंमत सांगतो, ही मला उशिरा कळली. चित्रात उजेड कुठल्या बाजूनं आलाय ते शोधा. तांब्यावर पांढरा चमकणारा ठिपका असतो ना, तो बघा, आणि फळांच्या सावल्या कुणीकडं पडल्यात ते बघा. आमच्या चित्रात उजेड डावीकडनं. मग ते अशा भिंतीला लावलो की खोलीची खिडकीही डावीकडं येते, आणि खरंच सांगतो, फळं आमच्याच घरात ठेवल्यासारखी दिसायला लागली. समोरच खिडकी मात्र नको, चकाकतं, आणि ऊन थेट पडलं तर रंग उडतात, वॉटरकलरचे तर लवकरच.

मग बघायचं कसं? आधी डोळे किलकिले करा. बारीक सारीक सगळं पुसलं जातं आणि नुसते उजेडाचे नि अंधाराचे मोठे तुकडे उरतात, त्यावर चित्र उभं आहे की पडलंय ते कळतं. नंतर अगदी जवळ जा, नाकाला रंगाचा वास येईल इतकं. डाळिंबाचे दाणे म्हणजे नुसते लाल गुलाबी फटकारे, एकही दाणा धड काढलेला नाही. सहा फूट मागं आला की दाणे. मी हे दहा वेळा पुढं मागं केलो असेन, बायको म्हणाली, "काय बघायलाय हो, कवायत काय?"

पण खरी मजा पेरूत आहे. चित्रातल्या एका पेरूच्या खालच्या अंगाला निळसर करडी एक पट्टी आहे, मला दोन वर्षं वाटायचं ब्रश धुवायला विसरला असेल बिचारा. एक दिवस गणपत गल्लीतल्या बाजारातनं पेरू आणलेले, त्यातले तीन घेऊन चित्राच्या खाली टेबलावर निळा टॉवेल घालून ठेवलो, दुपारी चारच्या सुमाराला. आणि काय, खऱ्या पेरूच्याही खाली तशीच निळी झाक! टॉवेलावर पडलेला उजेड उलट पेरूवर जातो, म्हणून सावली काळी नसतेच, शेजारच्या वस्तूचा रंग घेऊन बसलेली असते. हा प्रयोग तुम्ही कराच, चित्रात असेल ते फळ आणा, वीस मिनिटं दोन्हीकडं आलटून पालटून बघा, नंतर मीठ लावून खाऊन टाका.

तसंच हाताने कापड झाका. पपई एकदम फिकी पडते. केशरीच्या शेजारी निळा आला की दोन्ही पेटतात, लालजवळ हिरवाही तसाच, म्हणून तर डाळिंबाच्या बाजूला पेरू.

आणि चित्रात काही चुकल्यासारखं दिसलं तर लगेच नावं ठेवू नका. सेझान एवढा मोठा चित्रकार, पण त्याच्या सफरचंदांच्या चित्रांत टेबलाची कड कापडाच्या डावीकडं एक आणि उजवीकडं दुसरीच, ती मुद्दामच. इटलीच्या कॅराव्हाज्जिओ या चित्रकारानं १५९९ च्या आसपास फळांची टोपली काढली, ती मिलानला आहे, त्यात सफरचंदाला किड्याचं भोक आणि पानं वाळलेली. आपल्या चित्रात केळ्यावर काळा डाग आहे का बघा. आणि ओळखीचे कुणी ड्रॉइंग सर असतील तर चहाला बोलवा, चित्रकला शिकवणाऱ्या के. बी. कुलकर्णी सरांच्या बेळगावात अशी माणसं मिळतात, रवी परांजपेंसारखे चित्रकार त्यांच्याच हाताखाली शिकले.

पावसाचं थोडं सांभाळा. आपल्याकडं जूनपासून भिंती नुसत्या घाम गाळतात, बाहेरच्या पश्चिमेच्या भिंतीला तर लावूच नका. फ्रेमच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, अर्धा इंच हवा खेळली की बुरशी कमी. ऑइल पेंट ओल्या फडक्यानं पुसू नका, मऊ कोरडा ब्रश फिरवा. आमच्या आईनं दिवाळीला पुसलं आणि तांब्याच्या काठाचा रंग गेला, तिला काय बोलणार.

परवा शेजारच्या गोकाकच्या काकू आल्या, पहिल्यांदाच कुणीतरी चित्रासमोर बराच वेळ उभं राहिलं. "बाळ चलो ऐत्रि" म्हणाल्या, म्हणजे कन्नडमध्ये "फार छान आहे हो", आणि मग मराठीत, "पण पपई दोन दिवस आधीच चिरलाय की हो." मी जवळ जाऊन बघितलो. देठाजवळ साल हिरवीच होती.