झेनॉननं मला पाडलं, तुम्ही पडू नका

युरेनियम फुटतं, उष्णता निघते, पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं. एवढं तर तुम्हाला येतंच. मलाही येत होतं, आणि त्याच जोरावर मी अणुभट्टी चालवण्याच्या परवान्याच्या पहिल्या तोंडी परीक्षेला गेलो. चाळीस मिनिटांत बाहेर. नापास.

आकडे पाठ नव्हते असं नाही. आमचं युनिट जड पाण्याचं, २२० मेगावॉटचं. ३०६ चॅनल म्हणजे इंधनाच्या नळ्या, प्रत्येकात इंधनाचे बारा जुडगे म्हणजे बंडल, इंधन साधं नैसर्गिक युरेनियम. कूलंट, म्हणजे उष्णता वाहून नेणारं जड पाणी, २४९ अंशांना आत जातो, २९३ ला बाहेर येतो. वीज २२० मेगावॉट हवी तर उष्णता साधारण ७५० मेगावॉट लागते, उरलेली बहुतेक कंडेन्सरच्या पाण्याबरोबर निघून जाते. हे सगळं मी घडाघडा म्हणून दाखवलं. समोरचे ऐकत होते. मग एकांनी शांतपणे विचारलं, “फुल पॉवरवर ट्रिप आली. अर्ध्या तासात उचलता आलं नाही, तर पुढे काय?”

ट्रिप म्हणजे रिॲक्टर अचानक बंद पडणं, उचलणं म्हणजे तो पुन्हा चालू करणं. आणि झेनॉन म्हणजे युरेनियम फुटल्यावर, म्हणजे फिशननंतर, तयार होणारा, न्यूट्रॉन गिळून रिॲक्टरला अडवणारा वायू. मी म्हणालो, “सर, फिशन थांबलं म्हणजे नवीन झेनॉन तयार होणार नाही. असलेला कमी होत जाईल. निम्मा व्हायला, म्हणजे अर्धायुष्य, ९.१ तास.”

“मग जितकं थांबू तितकं बरं. अर्ध्या तासाची घाई कशाला?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कानशिलं तापली तेवढं आठवतं.

आता नीट ऐका, इथंच सगळे घसरतात. झेनॉन-१३५ बहुतांशी थेट फिशनमधून येत नाही. आधी आयोडीन-१३५ तयार होतं, त्याचं अर्धायुष्य ६.६ तास, आणि ते मोडून झेनॉन होतो. गच्चीवरच्या दोन टाक्या डोळ्यांपुढे आणा. वरची आयोडीनची, ती खालच्या झेनॉनच्या टाकीत गळते. खालच्या टाकीला दोन भोकं. मोठं भोक म्हणजे न्यूट्रॉन: ज्यांच्या जोरावर फिशन चालतं ते न्यूट्रॉन झेनॉन अधाशासारखा गिळतो आणि गिळला की संपतो. लहान भोक म्हणजे त्याचं स्वतःचं मोडणं. युनिट फुल पॉवरवर चालू असताना पातळी स्थिर असते. ट्रिप आली की न्यूट्रॉन जातात, म्हणजे मोठं भोक एका क्षणात बंद. वरची टाकी मात्र भरलेलीच आहे आणि गळतेच आहे. मग खालची पातळी चढणार नाही तर काय होणार? दहा-अकरा तास ती चढतच राहते, मग उतरायला लागते.

नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या आपल्या रिॲक्टरकडे रिॲक्टिव्हिटीची, म्हणजे फिशनची साखळी रेटण्याच्या ताकदीची, शिल्लक फार नसते. न्यूट्रॉन शोषणारे ॲडजस्टर रॉड बाहेर ओढून साधारण अर्धा तास झेनॉनला तोंड देता येतं. ती वेळ गेली की युनिट ‘पॉयझन आउट’, म्हणजे झेनॉन उतरेपर्यंत सुरूच होत नाही. मग दीडेक दिवस हात बांधून बसायचं. २२० मेगावॉटनं हिशेब करा: छत्तीस तासांची जवळपास ऐंशी लाख युनिट वीज गेली.

पण यातून भलतंच शिकू नका. अर्धा तास आहे म्हणून ट्रिपचं कारण न शोधता उचलायचं, असं कुणी सांगितलं तर त्या माणसापासून लांब राहा. चेर्नोबिलला २६ एप्रिल १९८६ च्या रात्री पॉवर पडली होती, झेनॉन चढत होता, आणि तो झेनॉन रेटायला रॉडवर रॉड बाहेर काढले गेले. तो रिॲक्टर वेगळ्या जातीचा, त्याचे दोष वेगळे, हे खरं. तरी रॉड ओढणारा हात माणसाचाच होता. ऐंशी लाख युनिट गेले तर जाऊ देत.

नापास झाल्यावर आठवडाभर मेसमध्ये सगळ्यांच्या आधी जेवून उठायचो. तुमच्यावर ही वेळ आली तर एक लक्षात ठेवा. सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकेत हॅनफर्डचा बी रिॲक्टर सुरू झाल्यावर काही तासांत आपोआप मंदावत बंद पडला होता, तेव्हा खुद्द भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी तिथं हजर होते. कारण हाच झेनॉन. तिथं आपण कोण?

आणि ते जुन्या प्रश्नांचे झेरॉक्स! बॅचकडून बॅचकडे फिरतात, कडा काळ्या झालेल्या असतात, निम्मी उत्तरं चुकीची. माझं ‘कमी होत जाईल’ तिथूनच आलं होतं. मार्गदर्शकाचंही तसंच. विचारल्याबरोबर उत्तर देणारा सिनियर गोड वाटतो, पण तो तुमचं नुकसान करतो. मला उपयोग झाला तो निवृत्तीला टेकलेल्या एका फोरमनचा. डिग्री नव्हती त्यांच्याकडे. त्यांना विचारलं की ते म्हणायचे, “चल, लाइन बघून येऊ.” हेल्मेट, खिशाला किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज, आणि पंपापासून व्हॉल्व्हपर्यंत पाइपावर बोट ठेवत जायचं. फ्लोशीट, म्हणजे पाइपांचा नकाशा, मला अशी चालून पाठ झाली.

झेनॉनचा आलेखही मी शेवटी हातानंच काढला. आलेख कागद, पेन्सिल, दर तासाला दोन्ही टाक्यांचा हिशेब. एक रविवार गेला. शिखर अकराव्या तासाजवळ आपसूक उगवलं तेव्हा मी खोलीत एकटाच हसलो. तुम्हीही काढा, संगणकावर नको.

चार महिन्यांनी पुन्हा तोंडी परीक्षा झाली. दोन टाक्या मनात तयार ठेवून गेलो होतो. झेनॉनवर एकही प्रश्न आला नाही. पाऊण तास इंधन बदलणाऱ्या फ्युएलिंग मशीनवरच घासलं.