दिसेनासा झालेला ‘रक्कम’ कॉलम

एका दुकानासाठी सी-शार्प या प्रोग्रामिंग भाषेत बिलांचा प्रोग्राम केला होता. एके दिवशी फोन आला, ‘यादीतली रक्कमच गायब झालीये!’ डेटा शाबूत होता. कुणीतरी माउसने ओढताना कॉलमची रुंदी शून्य केली होती, आणि माझा प्रोग्राम तीच रुंदी इमानाने जतन करून रोज परत लावत होता. काउंटरवरच्या माणसाला अशी अडचण येऊ देणं मला पटत नाही.

यादीसाठी मी विनफॉर्म्सचा (विंडोजचे प्रोग्राम बनवायच्या साधनसंचाचा) लिस्टव्ह्यू, म्हणजे कॉलमांची यादी दाखवणारा तयार घटक, वापरला होता. त्यात कॉलमला किमान-कमाल रुंदीची सेटिंगच नाही. म्हणून ‘कॉलमविड्थचेंजिंग’ इव्हेंट, म्हणजे रुंदी बदलत असताना प्रोग्रामला मिळणारी सूचना, पकडला. नवी रुंदी ६० पिक्सेलपेक्षा कमी किंवा ४०० पेक्षा जास्त होत असेल, तर त्या इव्हेंटच्या ‘न्यूविड्थ’मध्ये (नव्या रुंदीत) ती मर्यादा भरायची आणि ‘कॅन्सल’ ट्रू करायचं, म्हणजे ओढणाऱ्याचा बदल नाकारायचा. दोन्ही करा, नुसतं कॅन्सल पुरत नाही.

पण रुंदी फक्त ओढूनच बदलते असं नाही. दोन कॉलमांमधल्या रेघेवर डबल-क्लिक केलं, किंवा कंट्रोल आणि नंबरपॅडवरचं अधिक चिन्ह दाबलं, की कॉलम मजकुरानुसार आपोआप लहानमोठे होतात. त्यासाठी रुंदी बदलून झाल्यावर येणाऱ्या ‘कॉलमविड्थचेंज्ड’ इव्हेंटमध्येही तीच तपासणी ठेवली. तिथे रुंदी दुरुस्त केली की इव्हेंट पुन्हा येतो, पण तोवर आकडा मर्यादेत असल्यामुळे चक्र थांबतं.

जतन केलेली रुंदी वाचतानाही हीच चाळणी लावली. खरं तर मूळ दुखणं तिथेच होतं. आणि विंडोजमध्ये स्क्रीनवरचं सगळं मोठं दाखवायचं प्रमाण (स्केलिंग) १५० टक्क्यांवर असेल तर ६० चे ९० करायला विसरू नका.